अंगात आलेली वाफ

नवरात्र तोंडावर आली की गुलमंडीतल्या आमच्या दुकानात बायकांच्या तोंडी एकच विषय असतो, यंदा पहिल्या माळेला कोणता रंग? आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, असलं सगळं. बाई पिशवीतून साडीचा पदर काढते अन् म्हणते, ताई, याला लागून द्या. मी फळीवरून दोन-चार तुकडे ओढते आणि तिला घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात जाते. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात. आमसुली तिथं तपकिरी दिसतो, रामा कलर मोरपंखी होऊन बसतो. आमच्या ह्यांना अजून राणी आणि डाळिंबी यांतला फरक कळत नाही, आणि दुकानावर पाटी त्यांच्या नावाची आहे. असो.

अशा गर्दीत परवा अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. गावाकडं, करमाडला राहतात, घरची शेती आणि घरचे देव दोन्ही त्याच बघतात. मोबाइल खांद्यात धरून मी अस्तर मोजत होते. त्यांनी तब्येतपाणी काही विचारलं नाही. "दोन वर्षं टाळलंस," त्या म्हणाल्या, "यंदा अष्टमीला ये. बाया वाट बघू राहिल्या." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि अस्तर कुठवर मोजलं होतं तेच विसरले.

बाया कशाची वाट बघतात ते मला ठाऊक आहे. करमाडला अक्कांच्या गल्लीत असं धरून चाललेत की अष्टमीच्या आरतीला माझ्या अंगात देवी येते. ती देवी नव्हती. पाळी जायच्या वयात बायकांना येते ती वाफ होती, दुसरं तिसरं काही नाही. मग सांगून टाकायचं ना, मोकळं व्हायचं! पण त्या दिवशी एका बाईनं माझ्या पायावर डोकं ठेवून एक प्रश्न विचारला होता, मी तिला उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराच्या आधारानं ती आजवर चालली आहे. देवी खोटी म्हटली की उत्तरही खोटं झालं. आणि ती बाई म्हणजे अक्काच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालेली आहे.

तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर मी जन्मात विसरणार नाही. पाऊस निघून गेलेला, ऊन असं की पायरीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. रस्त्यात झेंडूचे ढीग, त्यांचा तो उग्र वास, गाड्यांचे हॉर्न, आणि दुकानात माणसाला माणूस लागून उभं. पंखा असून नसल्यासारखा, कारण वेग वाढवला की तुकडे उडतात. अशात ती वाफ यायची. आधी उगंच काळजात धस्स व्हायचं. मग छातीतून काहीतरी कढत वर चढायचं, गळ्यात, कानात, टाळूपर्यंत. तोंड लालबुंद व्हायचं, केसांच्या मुळातून पाणी निथळायचं, ब्लाउज पाठीला चिकटायचा. आणि ओसरली की एकदम हुडहुडी, एवढ्या उन्हात अंगावर काटा. उन्हाळ्यात सुरू झाली तेव्हा आधी मी म्हटलं ऊन लागलं. मग म्हटलं बीपी. शेजारच्या दुकानातल्या वहिनींनी उष्णता झालीये असा निकाल दिला. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, भिजवलेल्या मेथ्या झाल्या. पोटाचं भलं झालं असेल, वाफेला काही फरक पडला नाही.

आईला विचारावं तर आई राहिलेली नाही. तिचं कसं झालं होतं, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी शाळेत असताना एका वर्षी ती सारखी न्हाणीतल्या रांजणापाशी जाऊन बसायची, ओला हात मानेवरून फिरवायची आणि आम्ही हाक मारली की खेकसायची. आम्ही भावंडं हसायचो, आईचं डोकं फिरलंय म्हणायचो. बाळंतपणाच्या गोष्टी बायका चवीनं सांगतात. पाळी कशी गेली, तेव्हा काय काय झालं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

नवरात्राच्या आधीच, गणपतीच्या सुमारास, एकदाची मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. आमचं घर गारखेड्यात, तिथंच जवळ त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं की आजार नाही, वयाचं आहे. गोळ्या असतात म्हणाल्या, हार्मोनच्या. पण माझी आई छातीच्या कॅन्सरनं गेलेली. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, आणि मीच नको म्हटलं. मग त्या म्हणाल्या, वरच्या मजल्यावर एक मॅडम बसतात, बोलून उपचार करतात, त्यांना भेटून बघा. मला राग आला. आग अंगात लागलेली आणि ही मला मनाच्या डॉक्टरकडं धाडतीये. म्हणजे मला वेड लागलंय की काय?

वरची मॅडम माझ्या लेकीच्या वयाची निघाली. तिच्या खोलीत कूलर होता, म्हणून मी बसले, खोटं कशाला बोलू. तिनं विचारलं, वाफ आली की पहिला विचार काय येतो? मी म्हटलं, विचार कसला, पंखा कुठंय हाच. तिला गप्प बसायची सवय होती आणि मला गप्प बसवत नाही. मग माझ्या तोंडून निघालं की सगळे माझ्याकडं बघतायत असं वाटतं. म्हातारी झाली म्हणत असतील असं वाटतं. आता आपलं संपलं असं वाटतं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, त्याचाच मला जास्त राग आला.

तिनं जे सांगितलं ते साध्या शब्दांत असं होतं. वाफ येते ती अंगाची गोष्ट आहे. पण ती आल्याबरोबर आपण मनात जे बोलतो, त्यानं जीव आणखी घाबरा होतो, आणि घाबरला की जाच वाढतो. वाफ बंद होईल असं वचन ती द्यायला तयार नव्हती. जाच कमी होऊ शकतो, एवढंच म्हणत होती. खांदे खाली सोडायचे. श्वास पोटातून घ्यायचा आणि हळू सोडायचा. वाफेशी झुंजायचं नाही, येऊ द्यायची, जाऊ द्यायची. आणि एखादी गार जागा डोळ्यांपुढं आणायची, आपल्या ओळखीची. मी कधी काश्मीरला गेलेली असते तर बर्फ आठवला असता. मला आठवली घटाची माती.

ती माती करमाडची. घट बसवायला शेतातली काळी माती आणतात, चाळतात, पाणी शिंपडून भिजवतात आणि परडीत पसरून तिच्यात धान्य पेरतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी घटाचा मान अक्कांना दिलेला होता. धान्य पेरायचं ते अक्कांनी, माळ चढवायची ती अक्कांनी, आणि मी धाकटी, मला फक्त माती भिजवायला मिळायची. मला त्याचा तेव्हा राग यायचा. पण त्या मातीत मनगटापर्यंत हात घातले की असं गार वाटायचं की काढावेसे वाटायचे नाहीत. अक्का ओरडायच्या, चिखल करू राहिलीस का शोभा? त्यांचं बोलणं नेहमी असंच, तोडून टाकल्यासारखं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी कधी शेजारी बसून पोटातलं बोललो नाही. भांडणही नाही, गोडीही नाही.

तर मी दुकानात श्वास सोडायला लागले. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला वाटलं मी वैतागून सुस्कारे टाकतेय. ती म्हणाली, ताई, दाखवायचं नसलं तर तसं सांगा. घ्या! मी मनात म्हटलं, मॅडमच्या खोलीत कूलरखाली बसून श्वास घेणं निराळं आणि गुलमंडीत नवरात्रात निराळं. परत जायचं नाही असं जवळजवळ ठरवलंच होतं.

त्यातच ती जांभळी साडी आली. नवराबायको आले होते. साडी रेशमी, नवी कोरी. मी पदर हातात धरून काठ बघत होते आणि माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब त्या रेशमावर पडला. रेशमावर पाण्याचा डाग कसा गोल उमटतो, ते मीच आयुष्यभर बायकांना सांगत आलेली. बाईनं पदर माझ्या हातातून हळूच काढून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तिचा नवरा दुसरीकडं बघायला लागला. ती भांडली असती तर मला चाललं असतं. ते हळूच काढून घेणं फार लागलं. मी आत जाऊन परकरांच्या गठ्ठ्यांवर बसून रडले.

संध्याकाळी हे म्हणाले, नवरात्र होईस्तोवर तू घरीच थांब, मी बघतो सांभाळून. वाईट मनानं नव्हते म्हणाले. पण ऐन सीझनात मला दुकानाच्या गादीवरून उठवणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं नाही. लग्नानंतर माझं जे काही म्हणून झालं ते त्या गादीवर बसून झालं. मला नाव आहे ते तिथं आहे, रंग सांगावा तो शोभाताईंनीच, असं बायका म्हणतात ते तिथं म्हणतात. मी भांडले, रुसले, शेवटी घरी बसले. आणि घरी बसवेना म्हणून अष्टमीला एकटीच करमाडला गेले.

देवघराची खोली छोटी. दार एक, खिडकी नाही. समया, कापूर, ऊद, वर टांगलेला कडाकण्यांचा फुलोरा, आणि गल्लीतल्या बाया एकीला एक चिकटून उभ्या. बाहेर हलगी वाजत होती. आरती सुरू झाली आणि मला आतून धस्स झालं. म्हटलं, आली. सटकायला जागा नव्हती. मान जळत होती म्हणून मी अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि वारा लागावा म्हणून डोकं हलवलं. तिथंच फसलं सगळं. कुणीतरी ओरडलं, उदो उदो! मला धरून पाटावर बसवलं. कपाळभर मळवट भरला. दोघीजणी कडुलिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालायला लागल्या, आणि माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मला सांगायचं होतं की देवी नाही. पण खरं म्हणजे त्या क्षणी सांगावंसं वाटेना. खोलीतल्या सगळ्या बाया माझ्याकडंच बघत होत्या, पण मागं कुणी सरकत नव्हतं. उलट पुढं येत होत्या. माझा घाम गयामावशीच्या हातावर पडला. गयामावशी म्हणजे त्याच गल्लीतली म्हातारी, एकटी राहते. तिनं तो थेंब कपाळाला लावला. आणि मला त्या गर्दीत, त्या धुरात, आठवड्यापूर्वीचा तो जांभळा पदर आठवला. वाफ तीच होती. घामही तोच होता.

आमच्याकडं देवी कुणाच्याही अंगात आली की आधी चूक सांगते. माझा नवस राहिला, माझी ओटी भरली नाही, माझ्या दारात अमकं झालं. मग बाया कान धरतात, नाक घासतात, नारळ कबूल करतात. लहानपणापासून मी हेच बघत आले. त्यामुळं सगळ्या भेदरून उभ्या होत्या, मी आता काय सांगते म्हणून. आणि त्यातून अक्का पुढं आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांच्या मी दर सणाला पाया पडते, त्या खाली वाकल्या आणि माझ्या पावलांवर डोकं ठेवलं. हलगीच्या आवाजात बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या बोलल्या.

"आई, गेल्या साली घट बसल्यावर मला पाळी आली. किती महिन्यांनी आली, ध्यानीमनी नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, मी कुणाला सांगितलं नाय, तशीच माळ चढवली. तवापासून अंगात जाळ हाये. माझ्या हातून विटाळ झाला. किती दिस जाळशील?"

मी ऐकलं आणि माझी वाफ कुठं गेली ते मला कळलंच नाही. या बाईला वर्षभर माझ्यासारख्याच वाफा येतायत. मी सब्जा पीत होते, हिनं ती देवीची शिक्षा म्हणून अंगावर घेतली. एकटीनं, एवढ्या मोठ्या घरात, कुणाला न सांगता. मला रडू येत होतं, पण देवी कशी रडेल? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कांना अगं-तुगं केलं.

"तुझी चूक नाय," मी म्हणाले. "तू काही केलं नाहीस. झुंजू नको तिच्याशी. श्वास हळू सोड. जाईल ती."

अक्का तशाच पडून राहिल्या. त्यांच्या मागं गयामावशी नारळ घेऊन उभी होती, तिलाही काही विचारायचं होतं. पण मला तोवर हुडहुडी भरली, अंग गार पडलं, आणि बाया म्हणाल्या, देवी गेली. गयामावशी नारळ तसाच छातीशी धरून मागं सरकली.

दसरा झाल्यावर मी वरच्या मजल्यावर मॅडमकडं गेले. परत जायचं नाही म्हणणारी मी. सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं तोच जुना प्रश्न विचारला, त्या वेळी मनात काय विचार आला? मी आठवून बघितलं. काहीच आला नव्हता. म्हातारी झाले असा नाही, आपलं संपलं असा नाही, सगळे बघतायत असाही नाही. कारण मला गरम झालं म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या जणी खूश होत्या. हे मी बोलले आणि मलाच कसंतरी झालं. मग मी चिडून म्हटलं, मॅडम, दुकानात मी घाण आणि देवघरात मी देवी. मला दोन्ही नको. नुसती घाम आलेली बाई म्हणून मला कुठं बसता येईल का? ती म्हणाली, तुम्ही गादीवर परत बसा, आपण तिथूनच बघू.

बसले. ह्यांनी तोंड वाकडं केलं, तरी बसले. वाफ आली की पळायचं नाही, हातातला तुकडा खाली ठेवायचा आणि समोरच्या बाईला सरळ सांगायचं, थांबा जरा, मला वाफ आलीये, आत्ता जाईल. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा जीभ जड झाली होती. समोरची बाई माझ्याकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, तुम्हालापण होतं का? तेव्हापासून किती जणी म्हणाल्या त्याला हिशेब नाही. बुरख्यातली एक बाई तर म्हणाली, अपना भी वही हाल है बाजी, आणि स्वतःच्या पिशवीतून पुठ्ठा काढून मला वारा घालायला लागली. सगळंच गोड नसतं. कुणाचा तरी नवरा मिशीत हसतो. हे अजूनही गिऱ्हाइकांसमोर वाफ हा शब्द आला की रस्त्याकडं बघतात. कधी श्वास, माती, खांदे, काही म्हणजे काही उपयोगी पडत नाही आणि मी कुणावर तरी वसकन ओरडते. वाफ अजून येतेच. पण ती आली म्हणून मी गठ्ठ्यांवर जाऊन रडत नाही.

अक्कांचं मात्र मनातून जात नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्या भेटल्या. तब्येत सुधारलेली, तोंडावर तरतरी. मांडवात कुणा पाहुणीला सांगत होत्या, आमच्यात अष्टमीला देवी बोलली, म्हणाली तुझी चूक नाय. मी पाठमोरी उभी होते, पत्रावळ हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी ते उत्तर किती घट्ट धरलंय ते मला तिथं कळलं. आता मी काय म्हणून सांगू की अक्का, ती मी होते? मग त्यांचा विटाळ परत त्यांच्या पदरात. त्या नवरात्रीला मी तापाचं निमित्त केलं. त्याच्या पुढच्या वर्षी दुकानातल्या गर्दीचं. न जाणं सोपं होतं. तरी दर अष्टमीला संध्याकाळी दुकानात उदबत्ती लावताना माझा हात थांबायचाच.

यंदा गेले. रस्त्यानं सोयाबीनच्या गंजी लागल्या, मका सोलायला बसलेल्या बाया दिसल्या, ऊन तसंच होतं. घरी पोचले तर अक्का एकट्याच स्वयंपाकघरात फुलोऱ्याच्या कडाकण्या तळत होत्या. मी हातपाय धुऊन लाटायला बसले. थोड्या वेळानं बघितलं तर त्यांनी झारा कढईवर आडवा ठेवला होता, खांदे सोडले होते आणि डोळे मिटून हळूहळू श्वास सोडत होत्या. कपाळावरून घाम गळत होता. मला तो श्वास ओळखू आला. काय सांगायचं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरून मी अक्का, एवढंच म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "तवाच कळलं होतं. देवी कधी तुझी चूक नाय म्हणती व्हय? ती येतीच मुळी काहीतरी चुकलं म्हणून."

मी विचारलं, मग तुम्ही सगळ्यांना देवी बोलली असं का सांगत होतात? त्यावर त्या कढईकडं बघत बोलत राहिल्या. शोभा म्हणाली असं सांगितलं असतं तर घरात कुणी ऐकलं असतं का? आणि तुला तरी मी कोणत्या तोंडानं विचारलं असतं, तू धाकटी. मळवट भरलेला होता म्हणून विचारता आलं. विचारून झाल्यावर माझ्या पाठीवर तुझा हात पडला, तो ओळखीचा होता, माती भिजवायचा. तेव्हा त्या घाबरल्या होत्या म्हणे. धाकट्या जावेच्या हातात आपण आपलं बिंग दिलं, आता ही गावभर करील. "तुला लई चांगला मोका होता," त्या म्हणाल्या. "काहीबी म्हणता आलं असतं. घटाचा मान काढून घेता आला असता. तू चूक नाय म्हणालीस. म्हणून खरं वाटलं मला."

मी रडत होते आणि कडाकणी लाटत होते, आणि ती वेडीवाकडी होत होती. अक्कांनी ती तशीच तेलात सोडली. मग त्यांनी विचारलं, आता खरं सांग, जाईल म्हणाली होतीस, कधी जाईल? मी म्हटलं, मला नाही माहीत अक्का. माझी पण अजून गेली नाही. त्यांनी मान हलवली. निदान आता दोघींना माहीत झालं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

संध्याकाळी आरतीला खोली गच्च भरली. मला बघून बाया एकमेकींना खुणावत होत्या. हळदीकुंकवाचं ताट तयार होतं, लिंबाच्या डहाळ्या तयार होत्या. गयामावशी सगळ्यांच्या आधी येऊन पाटाशेजारीच बसली होती, मांडीवर नारळ. कापूर पेटला, हलगी लागली, आणि यायची तीच आली. छाती, गळा, कान. मी खांदे सोडले, श्वास सोडला, मातीत हात घातले मनातल्या मनात. पण तोंड लाल व्हायचं ते झालंच. ताट पुढं आलं. कुणीतरी उदो म्हणायला तोंड उघडलं, आणि अक्का मध्ये उभ्या राहिल्या.

"मागं व्हा," त्या म्हणाल्या. "देवी नाय ती. वय झालं की होतं तसं, मलाबी होतं. वारा लागू द्या तिला."

आणि मला पाटावर टेकवून आपल्याच पदरानं वारा घालायला लागल्या. आरती अडखळली, मग कशीबशी पुरी झाली. बाया खाली बघत प्रसाद घेऊन निघून गेल्या. दोघीतिघी मागं घुटमळल्या, अक्कांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत राहिल्या. बाकीच्यांच्या तोंडावर नाराजी होती, आणि मला त्यांचा राग येईना. देवीच्या निमित्तानं त्यांना कुणापाशी तरी बोलता येत होतं, ते आम्ही काढून घेतलं.

गयामावशी जागची हलली नव्हती. खोली रिकामी झाली तशी ती सरकत सरकत माझ्यापाशी आली. माझा घाम अजून सुकला नव्हता. मी म्हटलं, मावशी, ऐकलंत ना, देवी नाही माझ्यात. मला काही कळत नाही, मी काय जबाब देणार? तिनं तो नारळ माझ्या ओटीत ठेवला आणि माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"जबाब नको," ती म्हणाली. "तवापासून पोटात हाये. निस्तं ऐक."

मी पाटावरून उतरून तिच्याशेजारी खाली बसले.